अमेरिकेतील समलिंगी हक्क चळवळ : गुन्हा, आजार आणि अपात्रता या तीन शिक्क्यांविरुद्धचा लढा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकेच्या सामाजिक इतिहासाचा विचार करताना कृष्णवर्णीयांची नागरी हक्क चळवळ आणि स्त्रीमुक्ती चळवळ यांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी झालेल्या चळवळीची माहिती मात्र बहुधा १९६९ चा स्टोनवॉल येथील उठाव आणि २०१५ चा विवाहविषयक न्यायनिर्णय या दोन घटनांपुरतीच मर्यादित राहते. त्यामुळे एका रात्रीच्या असंतोषातून चळवळ जन्मली आणि पुढे कालौघात समाज उदार होत गेला, असा समज रूढ होतो. हा समज अपुरा आहे. स्टोनवॉलपूर्वी किमान दोन दशके संघटित काम झालेले होते आणि मिळालेला प्रत्येक हक्क स्वतंत्रपणे झगडून मिळवावा लागला होता.

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील समलिंगी व्यक्तीवर तीन शिक्के मारलेले होते. कायद्याच्या दृष्टीने ती गुन्हेगार होती, मानसोपचारशास्त्राच्या दृष्टीने रुग्ण होती आणि शासनाच्या दृष्टीने नोकरीस अपात्र होती. हे तीन शिक्के एकमेकांना आधार देत होते. गुन्हेगार म्हणून नोकरी नाकारता येत असे. नोकरी जाण्याच्या भीतीने व्यक्ती लपून राहत असे. लपून राहिल्यामुळे समाजापुढे आणि वैद्यकशास्त्रापुढे केवळ अटक झालेल्या किंवा उपचारासाठी आणलेल्या व्यक्तीच येत असत, आणि त्यावरून सर्व समलिंगी व्यक्ती रुग्ण आहेत असा निष्कर्ष काढला जात असे. हे वर्तुळ कोठे आणि कसे तुटले याचे विवेचन करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. पार्श्वभूमी : सक्तीचे मौन

अमेरिकेतील पहिली नोंदणीकृत समलिंगी हक्क संघटना म्हणून शिकागो येथील 'सोसायटी फॉर ह्यूमन राइट्स' या संस्थेचा उल्लेख केला जातो. हेन्री गर्बर यांनी १९२४ मध्ये इलिनॉय राज्यात तिची नोंदणी केली. पोलिसांनी सदस्यांना अटक केल्यानंतर १९२५ मध्येच ती संपुष्टात आली. पुढील पाव शतकात असा प्रयत्न तग धरू शकला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शीतयुद्धकाळात परिस्थिती अधिक कठोर झाली. साम्यवाद्यांच्या शोधाबरोबरच शासकीय सेवेतील समलिंगी व्यक्तींचाही शोध सुरू झाला. १९५० मध्ये सिनेटच्या समितीने असा अहवाल दिला की, अशा व्यक्तींना गुपित फोडण्याची धमकी देऊन शत्रूराष्ट्र त्यांच्याकडून माहिती काढून घेऊ शकते. या युक्तिवादाच्या पुष्ट्यर्थ प्रामुख्याने सांगितले गेलेले उदाहरण पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ऑस्ट्रियातील आल्फ्रेड रेडल या लष्करी अधिकाऱ्याचे होते. तरीही राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एप्रिल १९५३ मध्ये आदेश क्रमांक १०४५० काढून 'लैंगिक विकृती' हे केंद्रीय नोकरीतून दूर करण्याचे कारण ठरवले. त्यानंतरच्या काळात हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. ज्या गुपिताची भीती शासनाला वाटत होती ते गुपित राखण्याची सक्ती शासनाच्याच धोरणाने केलेली होती, हा यातील मूलभूत अंतर्विरोध होय.

वैद्यकीय क्षेत्रात १९५२ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने मानसिक विकारांची आपली पहिली अधिकृत सूची प्रसिद्ध केली आणि तीत समलैंगिकतेचा समावेश केला. दंडविधानाच्या बाबतीत १९६१ पर्यंत सर्व राज्यांत समलिंगी संबंध गुन्हा होते. इलिनॉयने त्या वर्षी सुधारित दंडसंहिता स्वीकारली आणि १९६२ पासून खाजगीतील संमतीपूर्वक संबंध तेथे गुन्हा राहिले नाहीत.

२. प्रारंभीच्या संघटना आणि फ्रँक कामेनी यांची भूमिका

१९५० मध्ये लॉस एंजेलिस येथे हॅरी हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मॅटाशिन सोसायटी'ची स्थापना केली. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांच्या पुढाकाराने 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' ही समलिंगी स्त्रियांची संघटना उभी राहिली. 'वन' हे मासिक १९५३ पासून निघू लागले. टपाल खात्याने ते अश्लील ठरवून पाठविण्यास नकार दिला असता सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मासिकाच्या बाजूने निर्णय दिला. समलैंगिकतेविषयी लिहिणे हेच अश्लील नाही, एवढे त्यामुळे प्रस्थापित झाले.

या काळातील संघटनांचा स्वर नम्र होता. तज्ज्ञांना व्याख्यानासाठी बोलवावे, त्यांचे ऐकून घ्यावे आणि त्यांच्या सहानुभूतीची अपेक्षा करावी, अशी त्यांची पद्धत होती. ही पद्धत बदलण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रँक कामेनी यांच्याकडे जाते. हार्वर्ड विद्यापीठाची खगोलशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले कामेनी अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागात रुजू झाले होते. १९५७ मध्ये समलैंगिकतेच्या कारणावरून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि वकिलाने माघार घेतल्यावर सर्वोच्च न्यायालयातील अर्ज स्वतः लिहिला. त्यात त्यांनी हा भेदभाव वर्ण किंवा धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावासारखाच असल्याचे प्रतिपादन केले. १९६१ मध्ये न्यायालयाने तो अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला. कामेनी यांना पुन्हा खगोलशास्त्राच्या क्षेत्रात काम मिळाले नाही.

त्याच वर्षी त्यांनी वॉशिंग्टन येथे मॅटाशिन सोसायटीची स्वतंत्र शाखा स्थापन केली. एप्रिल १९६५ मध्ये या संघटनेने व्हाइट हाउससमोर निदर्शने केली. १९६५ ते १९६९ या काळात दरवर्षी ४ जुलैला फिलाडेल्फिया येथील स्वातंत्र्य सभागृहासमोर निदर्शने होत असत. पुरुषांनी कोट व टाय आणि स्त्रियांनी झगा परिधान करावा असा दंडक होता. नोकरीस पात्र असल्याचा दावा करणाऱ्यांनी तसे दिसलेही पाहिजे, अशी त्यामागील भूमिका होती. आज ती भीरू वाटण्याची शक्यता आहे. परंतु स्वतःचे नाव व चेहरा उघड करणे म्हणजे उपजीविका गमावणे असे समीकरण असलेल्या काळात फलक हाती घेऊन रस्त्यावर उभे राहणे हे मोठे साहस होते.

या काळातील आणखी एक नाव विशेष नोंद घेण्याजोगे आहे. ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन येथील ऐतिहासिक मोर्चाचे मुख्य संयोजक बायर्ड रस्टिन हे समलिंगी होते. गांधीजींच्या अहिंसक प्रतिकाराचे ते अभ्यासक होते आणि त्यासाठी १९४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले होते. मोर्चापूर्वी सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी सिनेटमध्ये त्यांच्या १९५३ मधील अटकेचा उल्लेख करून त्यांना बदनाम करण्याचा प्रयत्न केला. समलैंगिकतेचा आरोप हे दुसऱ्याच चळवळीविरुद्धचे शस्त्र म्हणूनही कसे वापरले जात होते, याचे हे उदाहरण आहे.

३. स्टोनवॉल आणि चळवळीचे लोकव्यापी स्वरूप

२८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातील 'स्टोनवॉल इन' या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला. असे छापे नित्याचेच होते. समलिंगी ग्राहकांना सेवा देणाऱ्या मद्यगृहांचे परवाने धोक्यात येत असल्याने हा व्यवसाय बव्हंशी गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती गेला होता. त्या रात्री मात्र जमावाने प्रतिकार केला आणि पुढील काही दिवस संघर्ष चालू राहिला. तत्पूर्वी ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॉम्प्टन्स कॅफेटेरियात पारलिंगी व्यक्तींनी पोलिसांचा असाच प्रतिकार केला होता. परंतु त्याची नोंद इतिहासाने बराच काळ घेतली नाही.

स्टोनवॉलचे महत्त्व उठावापेक्षा त्यानंतरच्या संघटनेत आहे. काही आठवड्यांतच 'गे लिबरेशन फ्रंट' आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'गे अ‍ॅक्टिव्हिस्ट्स अलायन्स' या संघटना स्थापन झाल्या. २८ जून १९७० रोजी वर्षपूर्तीनिमित्त न्यूयॉर्कमध्ये मोर्चा निघाला. जगभर जून महिन्यात निघणाऱ्या अभिमान यात्रांचा उगम त्यात आहे. नव्या पिढीने 'आम्हांला सामावून घ्या' या मागणीऐवजी 'आम्ही आहोत तसे उघडपणे जगणार' ही भूमिका घेतली. स्वतःची ओळख घरी, कार्यालयात आणि समाजात सांगणे हेच एक राजकीय कृत्य बनले. सक्तीच्या मौनावर उभे असलेले वर्तुळ मोडण्याचा तो सर्वांत थेट मार्ग होता.

४. आजाराच्या शिक्क्याचे निराकरण

कामेनी यांचे प्रतिपादन असे होते की, जोपर्यंत समलिंगी व्यक्ती रुग्ण मानली जाते तोपर्यंत तिच्या हक्कांचा प्रश्न हा उपचाराचा प्रश्न ठरत राहील. या मताला शास्त्रीय आधार मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर यांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मिळाला होता. त्यांनी उपचार घेत नसलेल्या ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या व त्यांचे निष्कर्ष ओळख लपवून तज्ज्ञांपुढे ठेवले. कोणत्या चाचण्या समलिंगी पुरुषांच्या आहेत हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. पूर्वीच्या संशोधनाचा दोष नमुना निवडीत होता, हे यातून स्पष्ट झाले. रुग्णालयात येणाऱ्यांवरूनच निष्कर्ष काढल्यास कोणताही समूह रुग्ण ठरेल.

तरीही अधिकृत भूमिका बदलण्यास सोळा वर्षे लागली. १९७२ मध्ये डॅलस येथील असोसिएशनच्या अधिवेशनात कामेनी आणि बार्बरा गिटिंग्ज यांच्यासमवेत एक मानसोपचारतज्ज्ञ मुखवटा, केसांचा टोप आणि बेढब कोट घालून व्यासपीठावर बसले. त्यांचा आवाजही यंत्राद्वारे बदलण्यात आला होता. 'डॉ. एच. अ‍ॅनॉनिमस' या नावाने बोललेल्या या तज्ज्ञाने आपण स्वतः समलिंगी असल्याचे व्यवसायबंधूंना सांगितले. ते फिलाडेल्फिया येथील टेंपल विद्यापीठात अध्यापन करणारे जॉन फ्रायर होते. त्यांची नेमणूक तेव्हा कायम झालेली नव्हती. ही ओळख त्यांनी जाहीरपणे १९९४ मध्ये उघड केली. विद्यापीठातील अध्यापकालाही सत्य सांगण्यासाठी मुखवटा घालावा लागत होता, ही वस्तुस्थिती त्या काळावर पुरेसा प्रकाश टाकते.

डिसेंबर १९७३ मध्ये असोसिएशनच्या विश्वस्त मंडळाने समलैंगिकतेला विकारांच्या सूचीतून वगळले. विरोधकांच्या मागणीवरून १९७४ मध्ये सदस्यांचे मतदान घेण्यात आले. ५,८५४ सदस्यांनी निर्णयाच्या बाजूने आणि ३,८१० सदस्यांनी विरुद्ध मत दिले. शास्त्रीय प्रश्न मतदानाने सुटतो काय, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि आजही घेतला जातो. त्यावर असे म्हणता येते की, मूळ समावेशामागेही काटेकोर पुरावा नव्हता. मतदानापूर्वी उपलब्ध झालेले संशोधन हाच या निर्णयाचा खरा आधार होता.

आजाराचा शिक्का पुसला गेल्यानंतर दुसऱ्या शिक्क्याचा आधार ढासळला. जुलै १९७५ मध्ये केंद्रीय नागरी सेवा आयोगाने समलिंगी व्यक्तींच्या नेमणुकीवरील सरसकट बंदी उठवली.

५. शिक्षकांचा प्रश्न : कॅलिफोर्निया, १९७८

यशाबरोबर प्रतिक्रियाही तीव्र झाली. १९७७ मध्ये फ्लोरिडातील डेड काउंटीत भेदभावविरोधी नियम सार्वमताने रद्द करण्यात आला. गायिका अनिता ब्रायंट यांनी त्यासाठी मुलांच्या संरक्षणाचा मुद्दा पुढे करून मोहीम चालवली होती. पुढील वर्षी कॅलिफोर्नियात राज्य सिनेटर जॉन ब्रिग्ज यांनी 'प्रस्ताव ६' मांडला. सार्वजनिक शाळांतील समलिंगी शिक्षकांना काढून टाकण्याची त्यात तरतूद होती; शिवाय समलैंगिकतेचे जाहीर समर्थन करणाऱ्या कोणत्याही शिक्षकावर कारवाई करता येणार होती. म्हणजे हा प्रस्ताव केवळ समलिंगी शिक्षकांपुरता नसून सर्व शिक्षकांच्या विचारस्वातंत्र्याशी निगडित होता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर मंडळावर निवडून आलेले, उघडपणे समलिंगी असलेले हार्वी मिल्क आणि विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या सॅली गिअरहार्ट यांनी या प्रस्तावाविरुद्ध प्रचार केला. माजी गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनीही त्यास विरोध केला. कमी गुण मिळालेल्या एखाद्या विद्यार्थ्याने रागाच्या भरात केलेल्या आरोपानेही निर्दोष शिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. नोव्हेंबर १९७८ मध्ये सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, २७ नोव्हेंबर रोजी, मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची माजी सहकारी डॅन व्हाइट याने गोळ्या झाडून हत्या केली.

६. एड्सची साथ आणि कुटुंबाचा प्रश्न

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या असामान्य न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली. एड्सच्या साथीची ती पहिली अधिकृत नोंद ठरली. १९९५ अखेर अमेरिकेत या रोगाने तीन लाखांहून अधिक बळी घेतले. शासनाचा प्रतिसाद मंद होता. राष्ट्राध्यक्ष रीगन यांचे या विषयावरील पहिले प्रमुख भाषण १९८७ मध्ये झाले. दरम्यान न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' या संस्थेने रुग्णसेवेचे काम सुरू केले होते. मार्च १९८७ मध्ये स्थापन झालेल्या 'अ‍ॅक्ट अप' या संघटनेने औषध प्रशासनावर मोर्चे नेले, औषधचाचण्यांचा अभ्यास केला आणि मान्यतेची प्रक्रिया गतिमान करण्यास भाग पाडले. रुग्णांनी संशोधनाच्या धोरणात सहभाग मागण्याचा हा पायंडा पुढे इतर रोगांच्या बाबतीतही उपयुक्त ठरला.

या साथीने एक नवा प्रश्न पुढे आणला. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदाराला रुग्णालयात भेटीचा, उपचारांविषयी निर्णय घेण्याचा, अंत्यसंस्काराचा किंवा भाड्याच्या घरात राहण्याचा कायदेशीर हक्क नव्हता. गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला तरी नात्याला मान्यता नसेल तर संकटकाळी माणूस परकाच ठरतो, हे अनुभवास आले. विवाहाच्या मागणीला पुढे जे बळ मिळाले त्याचे एक प्रमुख कारण येथे आहे.

७. न्यायालयीन वाटचाल

१९८६ मध्ये 'बोवर्स विरुद्ध हार्डविक' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने जॉर्जिया राज्याचा समलिंगी संबंधांवरील कायदा वैध ठरवला. निर्णायक मत देणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर, १९९० मध्ये, आपली चूक झाल्याचे मान्य केले. २६ जून २००३ रोजी 'लॉरेन्स विरुद्ध टेक्सास' खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी हा निर्णय रद्द झाला. त्या वेळी १३ राज्यांत असे कायदे शिल्लक होते. पहिला शिक्का पुसला जाण्यास अशा रीतीने इलिनॉयनंतर चार दशके लागली.

विवाहाच्या बाबतीत १९९६ चा केंद्रीय कायदा समलिंगी विवाहास मान्यता नाकारणारा होता. मॅसॅच्युसेट्स राज्यात मे २००४ पासून असे विवाह होऊ लागले. एडिथ विंडसर यांना जोडीदाराच्या निधनानंतर ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला. पती-पत्नीस तो लागू झाला नसता. त्यांच्या खटल्यात २०१३ मध्ये केंद्रीय कायद्याचा मुख्य भाग घटनाबाह्य ठरला. २६ जून २०१५ रोजी 'ओबर्गफेल' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी विवाहाचा हक्क सर्व राज्यांत मान्य झाला. नोकरीतील भेदभावाविरुद्ध संरक्षण मात्र त्यानंतर, जून २०२० च्या 'बॉस्टॉक' निकालाने, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे मिळाले. म्हणजे २०१५ ते २०२० या काळात अनेक राज्यांत समलिंगी व्यक्ती रविवारी विवाह करून सोमवारी त्याच कारणावरून खाजगी नोकरी गमावू शकत होती.

८. मर्यादा आणि अंतर्गत मतभेद

चळवळीचे यश सर्वांना सारखे मिळाले नाही. स्टोनवॉलनंतरच्या संघर्षात अग्रभागी असलेल्या सिल्व्हिया रिव्हेरा यांना १९७३ च्या न्यूयॉर्कमधील सभेत बोलताना श्रोत्यांच्याच विरोधास तोंड द्यावे लागले. पारलिंगी, कृष्णवर्णीय आणि गरीब सदस्यांचे प्रश्न मागे पडले, ही टीका चळवळीच्या आतूनच झाली. विवाहावर सर्व शक्ती केंद्रित केल्याने विवाह न करणाऱ्यांचे प्रश्न दुय्यम ठरले, असेही काहींचे मत आहे.

मिळालेले हक्क कायमचे सुरक्षित आहेत, असेही म्हणता येत नाही. २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करताना न्यायमूर्ती थॉमस यांनी स्वतंत्र निकालपत्रात 'लॉरेन्स' आणि 'ओबर्गफेल' यांच्या फेरविचाराची सूचना केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसने विवाहमान्यतेचा स्वतंत्र कायदा केला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पारलिंगी व्यक्तींच्या लिंगबदलविषयक उपचारांवर बंदी घालणारा टेनेसी राज्याचा कायदा वैध ठरवला.

९. भारतीय संदर्भ

भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ ही ब्रिटिश राजवटीची देणगी होती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत 'लॉरेन्स' खटल्याचा संदर्भ घेण्यात आला. समलैंगिकता हा मानसिक आजार नाही, या शास्त्रीय निष्कर्षाचीही २०१८ च्या निकालात दखल आहे. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्य झाला नाही. दोन्ही देशांची समाजरचना भिन्न असल्याने अमेरिकेतील क्रम येथे जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तथापि आजाराविषयीचा गैरसमज दूर होणे आणि कायद्यात बदल होणे यांचा परस्परसंबंध दोन्हीकडे आढळतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, समलिंगी व्यक्तींवरील अन्याय ही केवळ लोकमताची बाब नव्हती. कायदा, वैद्यकशास्त्र आणि शासकीय सेवानियम यांनी तो संस्थात्मक केलेला होता. दुसरी, हे तीनही आधार परस्परावलंबी असल्याने एक ढासळताच दुसरा दुर्बल झाला. तिसरी, या बदलात ज्ञानक्षेत्राची भूमिका दुहेरी होती. सदोष नमुन्यावरून रुग्णत्वाचा निष्कर्ष काढणारेही विद्वानच होते आणि तो निष्कर्ष तपासून खोडून काढणाऱ्या हुकरही संशोधकच होत्या.

जून २००९ मध्ये केंद्रीय कर्मचारी विभागाचे संचालक जॉन बेरी यांनी १९५७ मधील बडतर्फीबद्दल कामेनी यांची शासनातर्फे लेखी क्षमा मागितली. बेरी स्वतः उघडपणे समलिंगी होते. कामेनी तेव्हा ८४ वर्षांचे होते आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. शासनाने चूक मान्य करण्यास ५२ वर्षे घेतली. त्या अवधीत एका खगोलशास्त्रज्ञाचे संशोधन कायमचे थांबले. भेदभावाची किंमत मोजताना अशा न झालेल्या कामाचाही हिशेब धरणे आवश्यक आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकाने सुरक्षितपणे आपले काम करता यावे, ही अपेक्षा त्या हिशेबातून निर्माण होते.